टेलिफोन, मायक्रोफोन, मेगाफोन: यातल्या 'फोन'चा खरा अर्थ काय?

गौरीची आई

नमस्कार मंडळी. लेकीला आठवीत "संपर्काची साधनं" असा प्रकल्प दिलाय, आणि बाईंनी बजावलंय की नुसती चित्रं चिकटवायची नाहीत, प्रत्येक साधनाच्या नावाचा अर्थ काय आणि तो शब्द कुठून आला हेही लिहायचं. मला ही कल्पना फार आवडली म्हणून मी पण तिच्याबरोबर बसले. टेलि म्हणजे दूर, फोन म्हणजे आवाज, दोन्ही ग्रीक, इथपर्यंत आलो आणि पुढे अडलो.

पहिली शंका, मायक्रो म्हणजे लहान ना, मग ज्याच्यातून आवाज मोठा येतो त्याला मायक्रोफोन का म्हणतात? दुसरी, टेलिग्राफ आणि टेलिग्राम, फोनोग्राफ आणि ग्रामोफोन, या जोड्यांत काही फरक आहे का की कुणीतरी तेच तुकडे उलटसुलट जोडलेत? तिसरी, आमच्या फॅमिली ग्रुपवर मेसेज फिरतोय की ग्रॅहम बेलच्या मैत्रिणीचं नाव मार्गारेट हॅलो होतं, त्याने पहिला फोन तिला केला म्हणून आपण सगळे हॅलो म्हणतो. लेक म्हणते हे लिहूया, मला ते खरं वाटत नाहीये, पण तिला नाही म्हणायचं तर हातात काहीतरी ठोस पाहिजे. आणि शेवटचं, टेलिफोन हा शब्द बेलनेच बनवला का?

जाणकारांनी जरा सविस्तर सांगा, प्रकल्प पुढच्या आठवड्यात द्यायचाय, त्यामुळे घाई नाही.

अडकित्ता

ताई, आधी ते हॅलोचं निकालात काढू. बेलचं लग्न जुलै १८७७ मध्ये मेबल हबार्डशी झालं, आणि मेबलला लहानपणी आजारपणात ऐकू येणं बंद झालं होतं. म्हणजे तिला फोन करून काही बोलायचा प्रश्नच येत नाही. फोनवरून कळण्यासारखं पहिलं वाक्य गेलं ते १० मार्च १८७६ ला बॉस्टनमध्ये, शेजारच्या खोलीतल्या मदतनीसाला, थॉमस वॉटसनला, आणि त्यात "मिस्टर वॉटसन, इकडे या" असं बोलावणं होतं, हॅलो नव्हतंच. हॅलो हा शब्द इंग्रजीत आधीपासून होता, कुणाचं लक्ष वेधायला किंवा नवल वाटलं की म्हणायचे. फोन उचलल्यावर तो म्हणावा असं ऑगस्ट १८७७ मध्ये एडिसनने एका पत्रात सुचवलं. बेलला स्वतःला "अहॉय" पसंत होतं, बोटीवरचे लोक एकमेकांना हाक मारायचे तो शब्द. आणि हॅलो ग्रीक नाही, त्यामुळे लेकीला सांगा की त्या पानावर तो वेगळा ठेव.

आता टेलिफोन. बेलने बनवला नाही. मला या सगळ्या विषयात हीच गोष्ट सगळ्यात भारी वाटते, शब्द आधी आला आणि यंत्र नंतर! फ्रान्समध्ये फ्रान्स्वा सुद्र नावाचे संगीतशिक्षक होते, त्यांनी सुरांची एक भाषा तयार केली होती, बिगुलावर ठरावीक सूर वाजवून सैन्यात लांबवर निरोप पोचवायचे अशी योजना, आणि त्या पद्धतीला १८३० च्या आसपास ते "टेलेफोनी" म्हणत होते. १८४४ मध्ये इंग्लंडात एका कॅप्टनने धुक्यात जहाजांना इशारा देण्यासाठी दाबलेल्या हवेवर चालणारा भोंगा केला, त्याचंही नाव टेलिफोन. मग जर्मनीत फ्रँकफर्टजवळ फिलिप राइस नावाचे शाळामास्तर, त्यांनी १८६१ मध्ये विजेच्या तारेवरून सूर पाठवून दाखवले आणि त्या उपकरणाला "टेलेफोन" म्हटलं. गाणं बरं जायचं, बोलणं मात्र तुटक. ऐकणाऱ्याने अंदाजाने वाक्य पुरं करू नये म्हणून चाचणीला मुद्दाम "घोडा काकडीची कोशिंबीर खात नाही" असलं वाक्य वापरलं होतं, हे लेकीला नक्की सांगा, तिच्या वर्गाला आवडेल. बेलला पेटंट मिळालं ७ मार्च १८७६ ला, नंबर १७४४६५, आणि त्याचं शीर्षक होतं "तारायंत्रातील सुधारणा" अशा अर्थाचं. शीर्षकात टेलिफोन शब्द नाही.

थोडक्यात भोंगा, बिगुल, विजेची तार, जे काही आवाज लांब नेईल त्याला हे नाव तयारच होतं, बेलच्या यंत्राने ते कायमचं आपल्याकडे घेतलं.

मायक्रोफोनबद्दल तुमची शंका अगदी रास्त आहे. तो शब्द मायक्रोस्कोपच्या चालीवर बांधलाय. मायक्रोस्कोप बारीक वस्तू डोळ्याला दाखवतो तसा मायक्रोफोन बारीक आवाज कानाला ऐकवतो. म्हणजे "मायक्रो" हे आत जाणाऱ्या आवाजाचं वर्णन आहे, बाहेर येणाऱ्या आवाजाचं नाही. चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८२७ मध्ये हा शब्द वापरला तेव्हा तर विजेचा काही संबंधच नव्हता, स्टेथोस्कोपच्या जातीचं कानाला लावायचं साधन होतं ते. १८७८ मध्ये डेव्हिड ह्यूज यांनी कार्बनच्या सैल सांध्यांवर चालणारं उपकरण केलं आणि त्याला तोच शब्द दिला, कारण त्यावर माशी चालली तरी पावलांचा आवाज ऐकू येतो असं तेव्हा कौतुकाने सांगत असत. मेगाफोन याच्या उलट, "मेगास" म्हणजे मोठा, तिथे बाहेर पडणारा आवाज मोठा.

जोड्यांचं असं आहे. "ग्राफाइन" म्हणजे लिहिणं, मुळात कोरणं, ओरखडणं. ग्राफ शेवटी आला की बहुतेक वेळा लिहिणारं यंत्र किंवा लिहिण्याची पद्धत, आणि "ग्राम" म्हणजे जे लिहिलं गेलं ते. म्हणून टेलिग्राफ म्हणजे यंत्रणा आणि टेलिग्राम म्हणजे हातात पडणारी तार. एडिसनचा १८७७ चा फोनोग्राफ म्हणजे "आवाज लिहिणारा", नाव अगदी नीट बसतं, कारण सुई खरोखरच कथलाच्या पत्र्यावर आवाज कोरत होती. एमिल बर्लिनरने १८८७ मध्ये स्वतःचं तबकडीवालं यंत्र आणलं तेव्हा वेगळं नाव हवं होतं, तर तेच तुकडे उलटे करून ग्रामोफोन. त्यामुळे तुमचा "उलटसुलट जोडलेत" हा अंदाज निदान या एका जोडीबद्दल बरोबर आहे.

टेलिग्राफची पण एक गंमत आहे. क्लोद शापने फ्रान्समध्ये टेकड्यांवर मनोरे बांधून वर लाकडी हात हलवून निरोप पाठवायची पद्धत काढली, पॅरिस ते लील लाइन १७९४ मध्ये सुरू झाली. त्याला आधी "ताकिग्राफ" म्हणायचं होतं, म्हणजे जलद लिहिणारा. मियो नावाच्या अधिकाऱ्याने सुचवलं की जलदपेक्षा लांब हे महत्त्वाचं, टेलेग्राफ म्हणा. तो सल्ला ऐकला नसता तर पुढचे टेलि-वाले सगळे शब्द कसे झाले असते कोण जाणे.

ट्रंक बोर्ड

अडकित्ता, उत्तम माहिती. मी आयुष्यभर टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून काम केलं, ट्रंक बोर्डवर, म्हणून चार शब्द माझेही.

गौरीची आई, मुलीने एक काम करावं, जुन्या एक्स्चेंजमधले शब्द घ्यावेत. आम्ही दिवसभर जे बोलायचो त्यात ग्रीक फार थोडं होतं. टेलिफोन ग्रीक, बाकी कामाचे शब्द लॅटिन नाहीतर साधं इंग्रजी. लाइन हा शब्द लॅटिन "लीनिया", म्हणजे जवसाचा धागा, लिनन कापड त्यातलंच. ट्रंक म्हणजे झाडाचं खोड, गावोगावच्या फांद्या सोडून दोन शहरांमधली मुख्य वाट ती ट्रंक लाइन, आणि तिच्यावरून लावायचा तो ट्रंक कॉल. डायल लॅटिन "दिएस" म्हणजे दिवस यावरून, आधी सूर्याच्या सावलीचं घड्याळ, मग घड्याळाची तबकडी, मग फोनची आकड्यांची चकती. आता चकती गेली पण नंबर डायल करणं राहिलं. रिसीव्हर, एक्स्चेंज, ऑपरेटर सगळे लॅटिनच्या घरचे. मोबाइल पण लॅटिन, म्हणजे मोबाइल फोन हा अर्धा लॅटिन आणि अर्धा ग्रीक. हेडफोन, इअरफोन यात तर अर्धं इंग्रजीच आहे.

टेलिव्हिजन पण असाच मिश्र, टेलि ग्रीक आणि व्हिजन लॅटिन. तो शब्द १९०० साली पॅरिसच्या वीज परिषदेत पर्स्की नावाच्या रशियन माणसाने वापरला, तेव्हा यंत्र कुठे होतं! हे पुन्हा शब्द आधी आणि वस्तू नंतर.

आपल्याकडे एक्स्चेंज आलं फार लवकर, २८ जानेवारी १८८२ ला कलकत्ता, मुंबई आणि मद्रासची एक्स्चेंज रीतसर सुरू झाली, बेलच्या पेटंटला सहा वर्षंही झाली नव्हती. आमच्या बाहेरच्या पाटीवर "दूरध्वनी केंद्र" असायचं. दूर म्हणजे टेलि, ध्वनी म्हणजे फोन, तंतोतंत. सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या शब्दांमध्ये दूरध्वनीचं नाव नेहमी घेतलं जातं. मुलीने हा शब्द ग्रीक शब्दाच्या शेजारी लिहावा, किती नीट बसवलाय ते लगेच दिसेल. भ्रमणध्वनीसुद्धा छानच आहे, फक्त त्यात टेलि राहिलं नाही, फिरणं आलं.

पण मला स्वतःला सगळ्यात जवळचा शब्द "तार". त्याला कुणी भाषांतर केलं नाही, लोकांनी खांबावर जे दिसलं तेच नाव ठेवलं. तारही तीच आणि घरी आलेला कागदही तारच. कुणाच्या दारात तारवाला थांबला की आळीतले लोक काळजीने बाहेर यायचे. सेवा बंद झाली जुलै २०१३ मध्ये. शेवटच्या दिवशी मुंबईत, दिल्लीत तरुण मुलंमुली रांगा लावून आईवडलांना तार पाठवत होती, मी ते टीव्हीवर बघितलं आणि मला फार बरं वाटलं.

सोनचाफा

वा, काय धागा आहे! माझा एक मुद्दा. फोन आणि ध्वनी हे शब्द ऐकायलाही सारखेच आहेत की, फोनी - ध्वनी. ग्रीक आणि संस्कृत बहिणी आहेत असं म्हणतात तर हा एकच शब्द असणार ना? तसं असेल तर दूरध्वनी हे भाषांतर पण नाही, आपलाच शब्द आपल्याकडे परत आला असं होईल.

पाठशाळा

सोनचाफा, ऐकायला सारखे आहेत खरे पण नातं नाही. आणि खरं नातं यापेक्षा कितीतरी सुंदर आहे, म्हणून जरा वेळ घेऊन लिहितो.

ध्वनी हा ध्वन् धातूचा. त्याचा युरोपातला नातेवाईक आहे इंग्रजी "डिन", म्हणजे गोंगाट. ग्रीक "फोने"चं घराणं वेगळं. ग्रीक आणि संस्कृतमध्ये वर्णांचा एक ठरलेला हिशोब आहे, संस्कृतात जिथे भ असतो तिथे ग्रीकमध्ये फ येतो. भरति म्हणजे वाहतो, ग्रीक "फेरो". भ्रातृ, ग्रीक "फ्रातेर". नभस्, ग्रीक "नेफोस" म्हणजे ढग. भ्रू म्हणजे भुवई, ग्रीक "ओफ्रूस". एखाददुसरा शब्द जुळला तर योगायोग म्हणता येतो, इथे ओळीने जुळतात.

आता या हिशोबाने "फोने"समोर संस्कृतात भ चा शब्द पाहिजे, बोलण्याच्या अर्थाचा. तो आहे. भण्, भणति, म्हणजे बोलतो. तुलनात्मक कोशांत भण् हा धातू आणि ग्रीक फोने एकाच मूळ धातूखाली मांडलेले सापडतात, आणि लॅटिनमधलं "फारी" म्हणजे बोलणं तेही तिथेच, ज्यावरून फेम, फेबल आणि इन्फंट आले, इन्फंट म्हणजे ज्याला अजून बोलता येत नाही तो. हाच भण् गुजरातीत "भणवुं" झाला, शिकणं या अर्थी. आणि मराठीत? मराठीत पुढच्या ण मुळे भ चा म्ह झाला. भण चं म्हण झालं!

म्हणजे "तुका म्हणे" मधलं म्हणे आणि टेलिफोनमधलं फोन हे लांबचे भाऊबंद आहेत. आपण फोनवर "काय म्हणतेस?" असं विचारतो तेव्हा यंत्राच्या नावात आणि वाक्यात एकच धातू आहे. मला हे पहिल्यांदा कळलं त्या दिवसापासून मी भेटेल त्याला सांगत आलोय.

एकदा भ आणि फ चा हिशोब हातात आला की बाकीचे शब्द आपोआप उलगडतात. मेगाफोनमधला "मेगास" आणि आपला महत्, महा, एकच. फोटोमधलं "फोस" म्हणजे प्रकाश, ते भा धातूचं, प्रभा, आभा, भानू मधला भा. बेलनेच १८८० मध्ये चार्ल्स टेंटरबरोबर फोटोफोन केला होता, वॉशिंग्टनमध्ये एका शाळेच्या गच्चीवरून साधारण दोनशे मीटर लांबच्या खिडकीपर्यंत उन्हाच्या किरणावरून आवाज पाठवला, तारेशिवाय. त्या नावातले दोन्ही फ आपले भ आहेत, भा आणि भण. आणि रेल्वेवाल्यांचा सेमाफोर, "सेमा" म्हणजे खूण आणि "फोरोस" म्हणजे वाहणारा, तो भृ धातू, भार मधला. म्हणजे टेलिफोनचा फो आणि सेमाफोरचा फो ऐकायला एक पण मुळं दोन, एक बोलणारा आणि एक वाहणारा.

टेलिचं पण आहे. ग्रीक "तेले" म्हणजे दूर, त्याला जवळचा संस्कृत शब्द चरम, म्हणजे अगदी शेवटचा, पलीकडच्या टोकाचा, चरमसीमा मधला. हेच मूळ जागेऐवजी काळाला लावलं की ग्रीक "पालायोस" होतं, काळाने दूर म्हणजे जुना. पुराजीवशास्त्राचं इंग्रजी नाव पॅलिऑन्टॉलॉजी त्यावरून. होमरच्या महाकाव्यात ओडिसियसच्या मुलाचं नाव तेलेमाखोस आहे, तेले म्हणजे दूर आणि माखे म्हणजे लढाई. बाप ट्रॉयला लढत होता आणि मुलगा लढाईपासून दूर घरी वाढत होता. तेव्हा "टेलि" लावून नाव ठेवायची रीत टेलिस्कोपच्याही किती आधीची आहे बघा. टेलिस्कोप हा शब्द १६११ मध्ये रोममध्ये गॅलिलिओच्या सन्मानाच्या मेजवानीत पुढे आला, सुचवणारा देमिसियानी हा ग्रीक माणूसच होता.

आता उच्चाराचं, कारण हे फक्त देवनागरी वाचणाऱ्यालाच पटकन कळतं. आज आपण फोन म्हणताना वरचे दात खालच्या ओठावर टेकवतो. प्राचीन ग्रीक तसं म्हणत नव्हते. त्यांचा उच्चार दोन्ही ओठ मिटून प आणि त्याला ह जोडून, म्हणजे फणस, फुलपाखरू मधला आपला मूळचा फ. रोमन लोकांकडे दात टेकवून म्हणायच्या फ साठी स्वतंत्र अक्षर होतं, तरी ग्रीक शब्द लिहिताना ते प आणि ह अशी दोन अक्षरं लिहायचे, कारण त्यांना ऐकू तसंच येत होतं. म्हणून तर इंग्रजीत फोनचं स्पेलिंग अजून असं आहे. संस्कृत शिकलेल्यांना आणखी एक खूण सांगतो. भू चं द्वित्व करताना आपण भभूव म्हणत नाही, बभूव म्हणतो, पहिल्या महाप्राणाचा अल्पप्राण होतो. ग्रीकमध्ये त्याच धातूचं रूप "पेफूका", फेफूका नाही, तिथेही फ चा प झाला. हा नियम ग्रासमान या जर्मन पंडिताने १८६३ मध्ये मांडला आणि आजही तो त्याच्या नावाने ओळखला जातो. फ हा महाप्राण नसता तर हे घडलंच नसतं. दात टेकवायचा उच्चार पुढे इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत आला.

त्यामुळे आजी फोनला फणसाच्या फ ने "फोन" म्हणत असेल तर तिला सुधारू नका, तिचा उच्चार प्लेटोच्या जवळचा आहे.

गौरीची आई

पाठशाळा सर, म्हण आणि फोन! मी आणि लेक दोघी अक्षरशः उड्या मारायच्या बाकी होतो. तिने लगेच वहीत "टेलिफोन = दूरचं म्हणणं" असं लिहून ठेवलंय, बाईंना आवडेल की नाही बघू, मला तर दूरध्वनीइतकंच आवडलं. अडकित्ता, हॅलोचा मेसेज ग्रुपवर खोडून काढला, धन्यवाद. ट्रंक बोर्ड काका, तार वेगळं पान होणार, ठरलं.

आता तिने डिक्शनरीत टेलि आणि फोन असलेले आणखी शब्द शोधायला सुरुवात केलीये आणि माझी परीक्षा घेतेय. टेलिपथी कळलं, पण टेलिऑलॉजी म्हणजे काहीतरी तत्त्वज्ञानाचं दिसतं, त्यात दूर कुठे आलं? तिकिटं जमवण्याला फिलॅटली म्हणतात त्यातही टेलि दिसतंय, ते संपर्काचंच म्हणून यादीत घेऊ का? आणि पर्सेफोनी नावाची ग्रीक देवी आहे, तिच्या नावात फोन आहे, ती आवाजाची देवी का? आणि हो, खुद्द ग्रीसमधले लोक आज टेलिफोनला काय म्हणतात? त्यांना तर आयतेच शब्द मिळाले असतील.

दर्यावर्दी

शेवटच्याचं मी सांगतो, मर्चंट नेव्हीत असताना पिरेअस बंदरात बऱ्याचदा उतरलोय.

टेलिफोनला तिथे "तिलेफोनो" म्हणतात. म्हणजे बघा, शब्द प्राचीन ग्रीकच्या तुकड्यांचा पण बांधला फ्रेंच-जर्मन-इंग्रज लोकांनी, आणि मग तो ग्रीसमध्ये परत गेला. प्राचीन तेले चं आज तिले झालंय कारण त्यांचे जुने लांब ए आता ई सारखे उच्चारतात. बंदरावरच्या जुन्या पाट्या वाचायला शिकलो ते याच शब्दावरून, शाळेतल्या गणितामुळे फाय माहीत होता, तोच तो फ.

मोबाइलला मात्र "किनितो", हलणारं. सिनेमाचं मूळ नाव किनेमा, तेही हलण्यावरूनच, म्हणजे तिथे सिनेमा आणि मोबाइल एका घरचे. टीव्हीला "तिलेओरासी", ओरासी म्हणजे बघणं, त्यांनी लॅटिन व्हिजन काढून टाकलं आणि स्वतःचा शब्द बसवला. जे आपण दूरदर्शन म्हणताना केलं अगदी तेच. तारेला "तिलेग्राफिमा". यावरून एक आठवलं, टेलिग्राम हा शब्द १८५२ मध्ये अमेरिकेत ऑल्बनीच्या एका पेपरात सुचवला गेला, आणि इंग्लंडात ग्रीकच्या पंडितांनी त्यावर मोठा वाद घातला की हे ग्रीक व्याकरणात बसत नाही, टेलिग्राफीम म्हणायला हवं. लोकांनी ऐकलं नाही, आखूड शब्द घेतला. पण ग्रीसमध्ये पंडितांचाच शब्द चालला.

फोन उचलला की ग्रीक माणूस "एम्ब्रोस" म्हणतो, म्हणजे पुढे बोला, नाहीतर "लेयेते", सांगा. हॅलोची गरज नाही पडली. आपल्याकडची मोठी माणसं हॅलो झाल्यावर "हं, बोला" म्हणतात ते मला तिथे नेहमी आठवायचं.

जर्मन लोकांचंही सांगतो. तिथले टपालप्रमुख हाइनरिश फोन श्टेफान यांनी १८७७ मध्ये टेलिफोनला "फेर्नश्प्रेखर" असा जर्मन शब्द दिला, दूर-बोलणारा, सरकारी कागदांवर आणि फोनच्या खोक्यांवर तो कितीतरी वर्षं होता. बोलताना आज सगळे टेलेफोनच म्हणतात, टीव्हीला मात्र "फेर्नझेयन" टिकलं. आइसलंडने आणखी वेगळं केलं, धागा या अर्थाचा "सीमी" हा जुना विसरलेला शब्द काढला आणि तो फोनला दिला, आणि तो आजही चालू आहे. ट्रंक बोर्ड काका, तुमच्या तारेचा सख्खा भाऊ म्हणायला हरकत नाही.

ट्रंक बोर्ड

दर्यावर्दी, धागा! हे मला माहीत नव्हतं, फार आनंद झाला. आमच्याकडे लाइनमन तर दिवसभर तारच ओढायचे. ही ओळ मी जुन्या सहकाऱ्यांच्या ग्रुपवर टाकतोय.

अडकित्ता

गौरीची आई, उरलेल्या तिघांची उत्तरं देतो, कारण इथे खरंच फसायला होतं.

पर्सेफोनी आवाजाची देवी नाही, ती पाताळाची राणी आणि तिच्या वर येण्याने वसंत येतो अशी कथा आहे. नावाच्या शेवटी फोने सारखं ऐकू येतं पण अभ्यासक त्याचा संबंध आवाजाशी लावत नाहीत. आणखी एक सापळा, ग्रीकमध्ये "फोनोस" असा वेगळा शब्द आहे, त्यात ओ आखूड, ओमिक्रॉनचा, आणि अर्थ खून! आवाजवाल्या फोने मधला ओ लांब, ओमेगाचा. देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात म्हणून लक्षात येत नाही. आवाजच हवा असेल तर इलियडमधला स्टेंटर घ्या, पन्नास माणसांइतका मोठा आवाज असलेला हाकारी, त्याच्यावरून इंग्रजीत दणदणीत आवाजाला विशेषणच झालंय.

यादीत खात्रीने घालता येतील असे फोनवाले शब्द हवेत तर सिंफनी घ्या, सिन म्हणजे एकत्र. झायलोफोन घ्या, झायलोन म्हणजे लाकूड. सॅक्सोफोन घ्या, त्यात ॲडॉल्फ सॅक्स या बनवणाऱ्याचं आडनाव आहे. फोनेटिक्स पण तिथलंच. आणि लेकीच्या हातातला मोबाइल अँड्रॉइड असेल तर त्याचंही नाव ग्रीक, "आंद्रोस" म्हणजे माणसाचा, "आइदोस" म्हणजे रूप, माणसासारखा दिसणारा. आंद्र आणि आपला नर एकाच मुळाचे. जीबी मधला गिगा म्हणजे राक्षस, महाकाय. म्हणजे मोबाइल शब्द लॅटिन असला तरी आत ग्रीक भरपूर आहे.

टेलिऑलॉजीतला टेलि वेगळा. तो "तेलोस" वरून, म्हणजे शेवट, हेतू, साध्य. दूरवाल्या तेले मध्ये पहिला ए लांब आहे, ईटाचा, तेलोस मध्ये आखूड, एप्सिलॉनचा. इंग्रजीत दोघांचं स्पेलिंग एकच झालं आणि फरक पुसला गेला.

फिलॅटली सगळ्यात मजेदार. तेलोसचा आणखी एक अर्थ कर, पट्टी, द्यायचे पैसे. पुढे नकाराचा अ लावून "आतेलेइया", म्हणजे करमाफी, पैसे द्यावे न लागणं. "फिलोस" म्हणजे आवड असलेला. १८६४ मध्ये जॉर्ज एर्पँ या फ्रेंच संग्राहकाने हे जोडून फिलातेली शब्द केला. कारण तिकिटं यायच्या आधी पत्राचे पैसे बहुतेक वेळा ज्याला पत्र मिळायचं त्यानेच द्यायचे, तिकीट चिकटवलेलं असलं की त्याला काही द्यावं लागत नाही, म्हणून तिकीट म्हणजे माफीची खूण. तेव्हा शब्द संपर्काच्याच विषयातला आहे, पानावर जरूर घ्या, पण "टेलि म्हणजे दूर" या यादीत घालू नका, टपालाच्या पानावर तिकिटाच्या शेजारी लिहा आणि कंसात "करमाफीची आवड" असा अर्थ द्या.